सोमाजीची उभी गाडी

सोमाजी डायवरच्या कोचावर बसायचं तर आधी दार उघडावं लागे. कोच ओसरीत होता. ओसरीला पुढून भिंत नव्हती, कूड नव्हता, साधा तट्ट्याचा आडोसाही नव्हता. अंगणातून चार पावलं सरळ चालत येऊन माणूस बसू शकला असता. पण तसं बसलेलं सोमाजीला चालत नसे. कोचाच्या उजव्या अंगाला त्याने सागाचा खांब रोवला होता आणि त्या खांबाला पिकप गाडीचं खरंखुरं दार लावलं होतं. कडी दाबायची, दार ओढायचं, पायदानावर पाय ठेवायचा, आत बसायचं आणि दार आपटून लावायचं. हळू लावलं तर सोमाजी म्हणे, "लागलं नाई जी. अजून एक डाव."

पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दाराला वळसा घालून सरळ बसलो. जणू मी खिडकीतून त्याच्या घरात शिरलो आहे, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं.

"उतरा," तो म्हणाला.

"कुठून?"

"गाडीतून. अन् दारानं या."

मी उतरलो. दाराने आलो. का आलो, हे मला आजही सांगता येत नाही. माझा स्वभाव तसा नाही. दुसऱ्या कोणी असं सांगितलं असतं तर मी त्याच्या दाराच्या दोन्ही बिजागऱ्या उपटून हातात दिल्या असत्या.

गडचिरोलीत मी आलो तो डोक्यावर हिरड्याची टोपली घेऊन. आज बाजारात माझं दुकान आहे. हिरडा, लाख, डिंक, मोह, आणि मागच्या बाजूला जुनंपुरानं लोखंड. हे सगळं तोंडावर कमावलेलं आहे. समोरचा किती देईल हे मला तो ओटा चढत असतानाच कळतं. चांद्याच्या व्यापाऱ्यांनी माझ्यापुढे कान पकडलेले आहेत. असं असताना सोमाजीने माझ्याशी जे केलं ते मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही. लोक म्हणतात, म्हातारा भोळा आहे. असेल. पण त्या भोळ्या माणसाशी माझा एकही सौदा सरळ झाला नाही, हे मी कोणाला सांगू?

लढाई संपल्यावर मोडीत निघालेल्या अमेरिकन गाड्या तेव्हा आमच्या जंगलात फिरत. लोक त्यांना डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. एका लाकडाच्या ठेकेदाराकडे त्यातली एक पिकप होती, स्टेअरिंग डाव्या हाताला असलेली. ती सोमाजी चालवत असे. पुढे ठेकेदाराने मोठा ट्रक घेतला, त्यावर तरणा डायवर ठेवला, सोमाजीला घरी बसवलं आणि पिकप आपल्या भाच्याच्या हाती दिली. भाच्याने पहिल्याच पावसाळ्यात ती नाल्यात घातली. बैलांच्या पाच जोड्या लावून तिला बाहेर ओढलं आणि ठेकेदाराशी दोन दिवस घासाघीस करून मी ती मोड म्हणून उचलली.

गाडी माझ्या दुकानामागे येऊन पडली आणि पहिल्याच रविवारी, बाजाराच्या दिवशी, सोमाजी हजर झाला. साठीचा माणूस, बारीक, ताठ, डोक्याला रुमाल. गाडीभोवती एक फेरी मारली. मग वळून परत यायचं तर जागच्या जागी न वळता त्याने पलीकडच्या कडुनिंबाला पूर्ण फेरा घातला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. वळण्याआधी हात बाहेर काढला होता. नंतर मला समजलं, की तो बाजारातही असाच वळतो.

"काय पाहिजे?"

"सीट."

"अरे, चाकं घे, पाटे घे. सीट घेऊन काय करशील?"

"बसाले."

मी भाव सांगितला. सोमाजी म्हणाला, "बराबर आहे."

वाचणाऱ्याला ह्यात काय बिघडलं ते कळणार नाही. सांगितलेला भाव हा भाव नसतो. ती बोलण्याची सुरुवात असते. समोरच्याने हसायचं असतं, "भाऊ, चांगल्या भावानं बोला न" म्हणायचं असतं, चार पावलं निघून जायचं असतं, मी त्याला परत बोलवायचं असतं. पाहुण्याने राम राम न करता थेट चुलीपाशी जाऊन जेवायला बसावं, तसं सोमाजीने केलं. मला वाटलं, मी कमी सांगितलं. नक्कीच कमी सांगितलं. ह्या सीटमध्ये असं काहीतरी आहे जे ह्याला माहीत आहे आणि मला नाही.

"थांब," मी म्हटलं, "मी चुकलो. त्याच्या दुप्पट."

"बराबर आहे," सोमाजी म्हणाला.

त्या रात्री मी जेवलो नाही.

नगद त्याच्याकडे नव्हती. चारोळी आणि मध आणून दिला. चारोळीत एक दाणा किडका निघाला नाही आणि मधात पाणी नव्हतं. ह्याने तर माझं डोकं आणखीच फिरलं. फसवणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते मला येतं.

मग दर रविवारी तो एकेक वस्तू नेऊ लागला. स्प्रिंगच्या पाट्यांच्या दोन कमानी. दोन्ही मडगार्ड. पायदान. भोपू. नंबराची पट्टी. एक दार.

"दोन्ही ने. एक दार कोण घेईल माझ्याकडून?"

"उजवंच पायजे. सवारीचं. डायवर कुठूनही चढते."

"कसली सवारी? कसला डायवर? करतोयस काय तू?"

"रस्ता पाहून सांगतो," तो म्हणाला. कुठल्याही प्रश्नाला त्याचं हेच उत्तर असे. जेवला का, रस्ता पाहून सांगतो. बरं आहे का, रस्ता पाहून सांगतो. मग खरोखरच दोन्हीकडे पाही आणि निघून जाई.

बाजारात तर्क चालले होते. कोणी म्हणे मचाण बांधतोय, कोणी म्हणे देवीचं सिंहासन. तहसिलीतल्या एका कारकुनाचं म्हणणं होतं, की म्हातारा गुपचूप मोटार जोडतोय आणि एक दिवस परवाना नसताना रस्त्यावर आणणार. मला ह्यातलं काहीच पटत नव्हतं. मोडीत मला न दिसलेला फायदा ह्याला दिसलाय, एवढं एकच माझ्या डोक्यात घोळत होतं. शेवटी न राहवून मी त्याच्या घरी गेलो.

गावाच्या टोकाला त्याची टोली, म्हणजे थोड्या घरांची वस्ती. मातीचं घर, वर कवेलू, अंगण सारवलेलं. अंगणात पंचेचाळिशीची एक बाई तूर पाखडत होती. सोमाजी बाहेर येताच तिने पदर हनुवटीपर्यंत ओढला, पाठ फिरवली आणि ओसरीच्या खांबाला म्हणाली, "खांबा, पावना आला. पानी देऊ का च्या ठेवू?"

सोमाजी दावणीच्या बकरीकडे पाहून म्हणाला, "च्याच ठेवा म्हना."

बकरी काही बोलली नाही. चहा मात्र आला. मी मनात म्हटलं, नवरा-बायकोचा अबोला आहे, आणि चांगला मुरलेला आहे. माझी बायकोही चिडली की माझ्याशी बोलत नाही, पण ती भांडी आपटते. खांबाशी बोलायची पाळी आमच्याकडे आलेली नाही.

मग मी कोच पाहिला. सागाच्या दोन ओंडक्यांवर कमानी उलट्या बसवून त्यावर सीट ठेवली होती. फाटलेल्या सीटमध्ये सावरीचा कापूस भरून वरून ताडपत्री शिवलेली. दोन बाजूंना हात टेकायला मडगार्ड. त्यांची धार लोहाराकडून अशी वळवून घेतली होती, की लहान पोराच्या बोटालाही लागू नये. खाली पायदान, पुढे नंबराची पट्टी. बसलो तर कमानी हळूच दबल्या आणि अंग असं झुललं, जसं चांगल्या रस्त्यावर जावं. खोटं कशाला बोलू, एवढ्या मऊ जागेवर मी तोवर बसलो नव्हतो.

"कोच झकास केलास," मी म्हटलं.

"कोच नाई जी. गाडी."

"चाकं कुठेत?"

"उभी आहे न. उभ्या गाडीले चाकाचं काय काम?" मग डाव्या बाजूला माझ्याशेजारी बसत त्याने विचारलं, "कुठी जाचं?"

"कुठेच नाही. पाहायला आलोय."

"मंग उतरा. बिनकामाची सवारी घेत नाई."

तहसिलीतला तो कारकून नंतर चौकशी करायला गेला आणि थट्टेने म्हणाला, "चांद्याला ने." सोमाजीने टोपलीचं झाकण दोन्ही हातांत स्टेअरिंगसारखं धरलं, भोपू वाजवला आणि समोर पाहत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "वैनगंगा आली. डोंगा त्या काठाले आहे. थांबा लागन." कारकून पंधरा मिनिटं हसला. मग त्याला कचेरीची आठवण झाली आणि तो उठायला लागला, तर सोमाजीने दारावर हात ठेवला. "नदीत कुठी उतरता साहेब? बुडान न." म्हणे डोंगा येऊन पैलतीर लागेपर्यंत त्याला बसवून ठेवलं. परवान्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

माझ्याकडे आता पिकपमधलं त्याच्या कामाचं एकच राहिलं होतं. स्टेअरिंग. ते मागायला तो आला तेव्हा मी शहाणा झालो होतो. मी भावच सांगितला नाही.

"विकायचं नाही," मी म्हटलं.

सोमाजीचा चेहरा पहिल्यांदा बदललेला मी पाहिला. "काऊन जी? आखरीचं होतं तेवढं."

"माझी मर्जी."

तो कडुनिंबाला फेरा घालून निघून गेला. पुढच्या रविवारी परत आला, त्याच्या पुढच्याही. मी नाही म्हटलं. मला काही फायदा नव्हता. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी नाही म्हणत होतो आणि त्याला पाहिजे होतं. ह्याला मी सौदा म्हणतो.

अशात वैशाख आला आणि पिकपवाल्या त्याच ठेकेदाराच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही नागपूरचे. ठेकेदाराने मला बोलावलं. "लेका, ते लोक खाली बसत नाहीत. व्याह्यांच्या पाठीला गादी-तक्क्या चालत नाही, कोच पायजे म्हनते. गडचिरोलीत कोच कुठून आनू? नागपूरहून बोलवतो तं लगन होऊन जाते. तू कुठूनही आन. पूर्ण मोसमाची लाकडाची वाहतूक तुझ्या गाड्यांले देतो."

माझ्या तेव्हा दोन बैलगाड्या होत्या. त्या मोसमाने सहा झाल्या असत्या. मी तिथल्या तिथे हो म्हटलं आणि थेट सोमाजीकडे गेलो.

विकतो का? नाही. भाड्याने? नाही. ठेकेदाराकडून परत नोकरी लावून देतो. "नाई जी. मी आता घरची गाडी चालवतो." मी चिडलो, ओरडलो, त्याला खुळा म्हटलं, त्याच्या गाडीला खुळ्याची खाट म्हटलं. तो म्हणाला, "बराबर आहे." मग मी गोणपाटातून स्टेअरिंग काढलं.

त्याने ते हातात घेतलं. अंगठ्याने कडा पुसली. अर्धा फेरा फिरवून पाहिला.

"लग्नाचे चार दिवस कोच माझा," मी म्हटलं. "त्याच्या बदल्यात हे कायमचं तुझं."

"रस्ता पाहून सांगतो." तो उठला, अंगणाबाहेर रस्त्यावर गेला, दोन्हीकडे पाहिलं, परत आला. "तीन दिवस."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मला त्याला मिठी मारावीशी वाटली. म्हातारा घासाघीस करत होता!

"चार," मी म्हटलं.

"साडेतीन."

"अरे, वरात चौथ्या दिवशी जाणार."

"मंग चौथ्या दिवशी झाकट पडाच्या, अंधाराच्या आधी आनून दे."

"चौथा दिवस पूर्ण. पाचव्या दिवशी सकाळी."

"सकाळी म्हनजे कवा? कोंबड्यानं बांग देल्ल्यावर का च्या झाल्यावर?"

दुप्पट भावाला मान न हलवणारा हा माणूस अर्ध्या दिवसासाठी घाम पुसत माझ्याशी भांडला. शेवटी कोंबड्यावर सौदा पटला. मी जिंकलो होतो. पण घरी येताना मला काही केल्या कळेना, की त्याला अर्ध्या दिवसाची एवढी काय पडली आहे. लग्न माझ्या ठेकेदाराच्या घरी होतं.

ठरल्या दिवशी दुपारी मी बैलगाडी घेऊन गेलो. हाकायला मारोती होता. तो त्याच टोलीतला. स्टेअरिंग माझ्या मांडीवर. कुंपणापाशी पोचलो तर आतून बाईचा आवाज आला. खणखणीत, भराभर. मी गाडी थांबवली. ओसरीत ती दोघं कोचावर बसली होती. दार लावलेलं. सोमाजी डाव्या बाजूला टोपलीचं झाकण धरून, ती उजव्या बाजूला. पदर डोक्यावर होता, पण तोंड उघडं होतं. दोघंही समोर पाहत होती. एकमेकांकडे कोणीच पाहत नव्हतं.

"ही बोलते?" मी मारोतीला म्हटलं.

"कोन, पारबताबाई? सारी टोली डोक्यावर घेते."

"मग नवऱ्याशी अबोला का?"

मारोतीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू बैल हाकायला मी आणि दुकानात तो असायला हवा होता. "का बोलता भाऊ! सोमाजी नवरा नोहे तिचा. भासरा होय. डोमाची बायको ते, त्याच्या लहान भावाची. सोमाजीनं लगनच नाई केलं."

भासरा म्हणजे काय ते मला सांगायला नको होतं. आमच्याकडे बाई नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बोलत नाही. त्याला तोंड दाखवत नाही. तो बसलेल्या खाटेला हात लावत नाही. डोमा मधे असताना घरातलं बोलणं डोमामार्फत होत असणार. आता डोमा नव्हता.

मारोतीने मग हलक्या आवाजात सांगितलं ते असं. डोमाला ताप चढला तेव्हा सोमाजीने ह्याच पिकपमधून त्याला चांद्याच्या दवाखान्यात नेलं. पुढे तिघं, मधे डोमा. रस्ता खराब, डोमाचं डोकं आपटायला लागलं, तेव्हा वीस वर्षांत पहिल्यांदा ती सोमाजीशी बोलली. म्हणाली, "डायवर, हळू चालवा." येताना डोमा नव्हता. सोमाजीने नदीवर डोंग्यासाठी गाडी थांबवली, तेव्हा ती म्हणाली, "डायवर, आता मी कोनाशी बोलू?" सोमाजीने टोलीतल्या म्हाताऱ्यांना विचारलं. म्हातारे दोन दिवस बसले. त्यांचा निकाल असा, की रीत जुनी आणि मोटार नवी. मोटारीत भासरा नसतो, डायवर असतो, आणि डायवरशी सवारी बोलते, त्यात पाप नाही. पण मोटार पाहिजे. दार असलेली, नंबर असलेली. उद्या कोणी खाटेला मोटार म्हणायला लागलं तर ते चालायचं नाही.

"हे सगळ्या टोलीला माहीत आहे?"

"लहान पोराले माहीत आहे," मारोती म्हणाला. "तुमी बाजारात इचारत होते. इथी कोनाले इचारलं?"

ओसरीत बोलणं चाललंच होतं.

"डायवर, मीठ परवा सरन. आताच सांगून ठेवते."

"शनिवारी आनतो."

"शनिवारी मी सांगनार नाई. ध्यानात ठेवजा."

"ठेवतो."

"बकरी आज-उद्या जनन. दोन झाले तं एक इकू का?"

"होऊ तं द्या आंधी."

"तवा इचाराले गाडी कुठी राहीन?"

सोमाजीने झाकण जरासं वळवलं. बहुतेक खड्डा चुकवला. "दोनी ठेवा."

"वळवाचा पानी आला तं कवेलू फेराले वर चढू नोका. गेल्या साली पडले. मी खांबाले सांगत होती, नोका चढू म्हना."

"खांबाचं कोन आइकते जी?"

ती हसली. मग एकेक बोट दुमडू लागली. चार दिवसांचं बोलणं आजच्या आज संपवायचं, तर काय काय उरलं हे ती बोटांवर आठवत असावी.

"अन् मले ताप आला तं?" ती म्हणाली. "तुमाले कसं समजन?"

सोमाजी ह्या वेळी रस्ता पाहून सांगतो म्हणाला नाही. झाकण धरलेले त्याचे हात मांडीवर आले. "तेच मी कवाचा पाहून राह्यलो," तो म्हणाला.

तेवढ्यात माझ्या बैलाने घंटा हलवली आणि त्यांनी मला पाहिलं. सोमाजी उठला, पलीकडून फेरा घालून आला आणि सवारीला दार उघडून दिलं. पायदानावरून तिचा पाय भुईवर टेकला आणि मी डोळ्यांनी पाहिलं, पदर हनुवटीपर्यंत आला, पाठ फिरली, त्या घरात जणू कोणी बोलणारं माणूसच नव्हतं.

"भरा जी," सोमाजी म्हणाला. "मारोती, कमानीखालून हात घाल. मडगार्डाले धरू नोको, वाकन."

मला असा राग आला, की कानांत आवाज व्हायला लागला. "हे तू मला आधी का सांगितलं नाहीस?"

"तुमी किंमत इचारत होते न जी."

"गाडी वळव, मारोती!"

"बोली झाली आहे," सोमाजी म्हणाला. "मी बोली फिरवत नाई."

"मी फिरवतो!" मी ओरडलो. "माझी मर्जी! मला नको तुझा कोच, आणि हे तुझं चाकही नको, घाल डोक्यात!" आणि मी स्टेअरिंग अंगणात फेकलं. ते तुळशीपर्यंत गोल गोल जाऊन आडवं पडलं.

सोमाजीने ते उचललं, रुमालाने पुसलं. "मंग याची किंमत?"

"एक शब्द बोललास तर याद राख."

"बराबर आहे," सोमाजी म्हणाला.

पुढचं इथेच सांगून मोकळा होतो. ठेकेदाराच्या व्याह्यांना गादी-तक्क्यावर बसावं लागलं. त्यांची पाठ लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी धरली, आणि ती धरली ती माझ्यामुळे, असं ठरलं. मोसमाची वाहतूक दुसऱ्याला गेली. माझ्या गाड्या दोनच राहिल्या. बायकोने विचारलं, कोच का नाही मिळाला, तर मी म्हटलं, म्हातारा बोलीला पलटला. हे खोटं मी आज लिहून दुरुस्त करतो आहे, पण माझं नुकसान झालं ते झालंच. उभ्या आयुष्यात मी एकच वस्तू काही न घेता दिली, आणि तीही ओरडून.

त्या दुपारी मी निघालो होतो. सोमाजी कोचापुढे वाकून स्टेअरिंगचा दांडा ओंडक्यातल्या भोकात बसवत होता. भोक त्याने आधीच पाडून ठेवलं होतं, मापाने बरोबर. मागे दार उघडल्याचा आवाज आला, आपटून लागल्याचा आवाज आला.

"डायवर," बाई म्हणाली, "त्या भाऊले म्हना, जेवल्याबिगर जाऊ नोका."

"मला वेळ नाही," मी म्हटलं.

"त्याइले म्हना, भात झाला आहे. अन् रागात मानसानं उपाशी राहू नाई."

मी मारोतीकडे पाहिलं. त्याने बैल आधीच सोडले होते.

पारबताबाई उतरली, मुक्यानेच मला आणि मारोतीला अंगणात पान वाढलं, भात, अंबाडीची भाजी, वर तेल, आणि पुन्हा गाडीत चढून बसली. सोमाजीने दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले.

"कुठी जाचं?" त्याने विचारलं.

"चांद्याले नोका नेऊ," ती म्हणाली. "मूल गावापर्यंत जाऊ. तिथला बाजार मी कवा पाह्यला नाई."

मी मान खाली घालून जेवत होतो. नदीवर डोंगा ह्याच काठाला होता, थांबावं लागलं नाही. माझा भात संपून मी हात धुवायला उठलो, तेव्हा ते मूलच्या बाजारात पोचले होते आणि बांगड्यांचा भाव काय, ह्यावरून दोघांचं भांडण चाललं होतं.